डोणीतलं कासव

प्रयागबाईनं चिमटीतलं गांडूळ बैलांच्या जुन्या दगडी डोणीतल्या पाण्यावर धरलं आणि ती हालचाल न करता बसून राहिली. डोणीच्या तळाशी गाळात अर्धवट रुतलेल्या कासवानं आधी नाकाचं टोक बाहेर काढलं. मग डोळे. मग पिवळसर ठिपक्यांची मान बोटभर लांब झाली.

"ये गं बाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भिऊ नगंस. कुणी न्हाय हितं."

डोणीपासून चार हातांवर, लिंबाच्या सावलीत, बाज होती आणि बाजेवर तिचा नवरा महिपती पडून होता. गेल्या दसऱ्याला त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचाही गेली होती. तो कासवाकडे बघत नव्हता. प्रयागबाईच्या मांडीजवळ ठेवलेल्या जर्मनच्या वाटीकडे बघत होता. वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी होती आणि सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

त्याच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसती घरघर.

कासवाची मान झटक्यात आत गेली. मागचे पाय आत ओढून त्यानं खालून झाकणं लावून घेतल्यासारखं अंग मिटलं. गढूळ पाण्यात आता नुसती एक पाठ दिसत होती, पालथ्या घातलेल्या मातीच्या परळासारखी.

प्रयागबाई ओरडली नाही. तिनं गांडूळ ओल्या मातीच्या डब्यात परत टाकलं, हात लुगड्याला पुसले, वाटी उचलली आणि ती घरात गेली.

"आज दोघांचाबी उपास," आतून तिचा आवाज आला.

महिपती तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होता. जळोचीच्या शिवारात कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं आणि कुणाला अजून दोन दिवस थांबवायचं, हे त्याच्या हातात असे. माणसं त्याला महिपतराव म्हणत आणि बांधावर टोपी हातात घेऊन उभी राहत. घरातही तसंच होतं. तो जेवायला बसला की प्रयागबाईनं भिंतीला धरून उभं राहायचं. मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. पण ताट अंगणात गेलं तर निदान भाकरी झटकून खाता यायची. ज्या दिवशी त्याचं डोकं फिरलेलं असे त्या दिवशी तो ताट फेकत नसे. पोटभर जेवायचा आणि तिच्यासाठी उरलेली एकुलती भाकरी ताटात ओढून त्या भाकरीवरच हात धुवायचा. सावकाश, एकेक बोट चोळून. मग ढेकर देऊन उठायचा. लेकीच्या, सारजाच्या वेळी प्रयागबाईला सातवा महिना होता, तेव्हा त्यानं सलग चार दिवस असे हात धुतले होते. का, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि नंतरही कळलं नाही.

तो कालव्याच्या दाराशी कोसळला तेव्हा चौघांनी त्याला खाटेवर घालून घरी आणलं. तेव्हापासून तो बाजेवर होता. डावा हात तेवढा चांगला होता. दारं उचलून उचलून घट्ट झालेला तो हात बाजेवरून खाली लोंबत राहायचा आणि मातीत रेघा ओढायचा.

कासव आलं ते फाल्गुनात. कालवा दुरुस्तीसाठी बंद होता आणि हैदर गवंडी खालच्या बाजूला दगड बसवत होता. चिखलाच्या डबक्यात त्याला ते सापडलं. बारदानात गुंडाळून त्यानं ते प्रयागबाईच्या दारात आणून ठेवलं.

"मावशी, हिरीत सोडा. पाणी साफ ऱ्हातंय," तो म्हणाला.

"आमची कुठली आलीय हीर?"

"मग डोणीत ठेवा कालव्याला पाणी सुटूस्तवर. हितं रानात कुत्री फाडत्याल त्याला."

बैल विकले तेव्हापासून दगडी डोणी कोरडीच पडलेली होती. तिनं चार घागरी पाणी ओतलं, थोडा गाळ टाकला, एका कडेला चपटा दगड ठेवला आणि कासव सोडलं. कालव्याला पाणी सुटलं की सोडून द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात बाजेवरून महिपतीनं पाण्यासाठी घसा खरवडला. तो आवाज ऐकताच कासवानं अंग आत घेतलं. प्रयागबाई त्याच्याकडे बघत राहिली. ते पुन्हा बाहेर येईपर्यंत ती तिथंच उकिडवी बसली. पाणी तिनं महिपतीला नंतर पाजलं.

चार दिवस कासवानं काहीच खाल्लं नाही. तिनं भाकरीचा तुकडा टाकला, तो फुगून पाण्यावर तरंगला. मेथीची पानं टाकली, ती कुजली. पाचव्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात तिला गांडूळ सापडलं. तिनं ते चपट्या दगडावर ठेवलं आणि ती भांडी घासायला गेली. परत आली तेव्हा दगड रिकामा होता.

मग ती एकेक गोष्ट शिकत गेली. आपली सावली डोणीवर पडू द्यायची नाही. मागून यायचं नाही, समोरून आणि खाली वाकून यायचं. पाऊल आपटायचं नाही. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, निम्मंच काढायचं. रोज एकाच वेळेला, म्हशीची धार काढून झाली की. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते जोवर स्वतःहून येत नाही तोवर हात पुढं करायचा नाही. बोटं पाण्यात धरून ती अर्धा अर्धा तास बसायची. हाताला मुंग्या यायच्या. एकदा त्यानं गांडुळाबरोबर तिचं बोटही धरलं. रक्त आलं, पण तिनं हात ओढला नाही. तोंड सैल करेपर्यंत ती तशीच बसली आणि म्हणाली, "घे. चुकून व्हतं."

हे सगळं बाजेसमोर चालायचं, आणि महिपतीची भाकरी त्यानंतर.

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा वेळ झाला तो खरंच कासवामुळे. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी मुद्दाम बाहेर आणून ठेवली. त्याच्या नजरेला पडेल अशी. दूध निवायचं, वर साय धरायची, साईवर माशी बसायची. तो गप्प राहिला तर मिळायचं. आवाज केला की कासव आत आणि वाटी घरात. आठवड्याभरात महिपती गप्प राहायला शिकला. ओठ आवळून, नाकानं श्वास घेत तो वाट बघायचा. पायाच्या नडग्या दिसायला लागल्या तरी तो आवाज करत नसे.

शेजारची रंगूबाई ताक मागायला यायची. बाजेवरची धुतलेली वाकळ, महिपतीची विंचरलेली दाढी आणि पाठीला लावलेलं तेल बघून ती म्हणायची, "प्रयागे, तू म्हून करतीस. दुसरी असती तर म्हायारला गेली असती."

"कुठं जायाचं आता," प्रयागबाई म्हणायची आणि ताकात मीठ घालून द्यायची.

विसाव्या दिवशी कासवानं तिच्या तळहातावर मान टेकवून गांडूळ खाल्लं. त्या दिवशी तिनं महिपतीला गरम भाकरी दिली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गार.

चैत्र संपला. कालव्याला पाणी सुटून महिना झाला होता. कासव सोडायचं नाव तिनं काढलं नाही. आता ती त्याला सकाळी डोणीतून बाहेर काढायची, अंगणात पाण्याचा सडा टाकून ओल्या मातीवर सोडायची. ते लिंबाखाली फिरायचं, मोरीकडच्या अळवाखाली थांबायचं आणि तिनं जमिनीवर दोन बोटांनी टकटक केलं की तिच्याकडे यायचं. उन्हं वर आली की परत डोणीत.

आखितीच्या सणाला सारजा आली. तिला इंदापुरात दिलेली होती. येष्टीतून उतरून पिशवी घेऊन ती अंगणात शिरली, आधी बापाच्या पायाला हात लावायला बाजेकडे गेली आणि तिथंच थबकली. बापाच्या गालाची हाडं वर आली होती. गळ्यातली माळ छातीवर न पडता खळग्यात पडली होती. त्याच वेळी आई डोणीपाशी बसून कुणाशी तरी बोलत होती. असा मऊ आवाज सारजानं आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अगदी लहानपणी तापात पडली होती तेव्हासुद्धा.

दोन दिवस ती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं तिनं विचारलं.

"आये, आबाला किती देतीस खायाला?"

"खातोय तेवढं."

"मी बघितलंय. तू वाटी आत आणलीस. त्यांनी तोंड उघडलं व्हतं."

प्रयागबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तू लई ल्हान व्हतीस," ती म्हणाली. "तुला न्हाय म्हाईत."

"म्हाईत हाय मला. समदं म्हाईत हाय." सारजाचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. "पर ते आता कुणाला मारायच्या लायकीचं ऱ्हायल्यात का? तुला कशी गं झोप लागती?"

 प्रयागबाईनं भाकरी फुगू दिली, फडक्यात घेतली आणि लेकीच्या पुढ्यात ठेवली. ती भाकरी सारजानं दुधात कुस्करली आणि बाहेर नेली.

पुढचे सहा दिवस बापाला तीच जेवू घालत होती. सकाळ-संध्याकाळ, गरम गरम. चौथ्या दिवशी तिला दिसलं की वाटी संपताना आबा शेवटचा घास गिळत नाही. गालात धरून ठेवतो. ती भांडं विसळायला वळली की डाव्या हातानं तोंडातला घास काढतो आणि तो हात बाजेवरून खाली सोडतो. सारजा मोरीशी उभी राहून बघू लागली. कासव अळवाखालून निघालं, थांबलं, पुढं आलं. महिपतीचा हात मातीवर उताणा पडला होता, जराही न हलता. कासव वीतभर अंतरावर थांबलं आणि मागं फिरलं. तो हात तसाच राहिला. ऊन बाजेच्या पायाशी आलं तरी तो तसाच होता.

निघायच्या आदल्या दिवशी कासवानं त्या हातावरचा घास खाल्ला.

सारजा धावत आत गेली. "आये, बाहेर ये. लवकर ये."

प्रयागबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. महिपतीच्या तळहातावर कासवाची मान होती. महिपतीनं बायकोकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

"आपल्या तोंडातलं काढून देत्यात गं," सारजाच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "जल्मात कुणाला घास दिला न्हाय त्या माणसानं. तू कायबी म्हण, आबा बदलल्यात."

दुसऱ्या दिवशी ती इंदापूरच्या गाडीत बसली. "आता माझ्या जिवाला घोर न्हाय," असं आईला सांगून गेली.

लेक गेल्यावर प्रयागबाईनं लगेच काही बदललं नाही. वाटी तिनं पुन्हा डोणीपाशी ठेवली, कासवाला आधी घातलं. पण तिचं लक्ष बाजेकडे जात होतं. महिपतीच्या वाट्याला आता पुन्हा अर्धी भाकरी येत होती आणि त्या अर्ध्या भाकरीतला शेवटचा घास तो अजूनही काढून ठेवत होता. म्हणजे सारजा बघत होती म्हणून तो तसं करत नव्हता. तिनं हे दोन दिवस बघितलं, पाच दिवस बघितलं. सहाव्या दिवशी तिनं वाटीत पूर्ण भाकरी कुस्करली. आठव्या दिवशी त्याला आधी दिलं आणि कासवाला नंतर. महिपतीनं घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावला नाही, जणू परत मागतील या भीतीनं. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली.

मग ती त्याच्याशी बोलायला लागली. पहिल्यांदा नुसतं, "ऊन लागतंय का?" मग वाफ्यातल्या वांग्यांना कीड लागल्याचं. मग कालव्यावर नवा पाटकरी आलाय आणि तो पोरगेलासा आहे, लोक त्याला भीत नाहीत, असं. महिपती ऐकायचा. मान हलवायचा. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू कधी कधी सैल व्हायची. तिनं बाज ओढून डोणीच्या आणखी जवळ आणली, म्हणजे कासवाला लांब यायला नको आणि त्याला हात ताणायला नको. एका दुपारी तिला बाजेच्या पायाला टेकून डुलकी लागली. जागी झाली तेव्हा त्याची बोटं तिच्या केसांना लागलेली होती. ती पटकन उठली नाही. तीस वर्षांत त्या हातानं केस धरले होते ते ओढण्यासाठी. आता तो नुसता टेकलेला होता. तिनं जरा वेळ तसंच राहू दिलं.

त्या आठवड्यात ती बारामतीच्या बाजाराला निघाली तेव्हा वांग्याची पाटी भरलेली होती आणि रंगूबाई दारात थांबली होती. दर वेळी बाजाराला जाताना ती कासवाला डोणीत घालून वर फळी टाकायची. त्या दिवशी तिनं अंगणात दुहेरी सडा टाकला, अळवाखाली पाणी साठवलं आणि कासव मोकळंच ठेवलं.

"ध्यान ठेवा तिच्यावर," ती महिपतीला म्हणाली. "कुत्रं आलं तर हाकला. मी उन्हं चढायच्या आत येती."

महिपतीनं मान हलवली.

बाजार लवकर उरकला. परत निघताना तिनं केळीवाल्यापाशी पाटी टेकवली. महिपतीला केळी आवडायची. चांगला होता तेव्हा तो एकटाच डझनभर खायचा आणि साली दारात टाकायचा. तिनं सहा केळी घेतली, पिकलेली आणि मऊ, त्याला चावायला सोपी जातील अशी.

"कुणासाठी गं?" रंगूबाईनं हसत विचारलं.

"घरात हाय की माणूस," प्रयागबाई म्हणाली. बोलून झाल्यावर ती स्वतःच लाजली आणि तिनं पाटी पटकन डोक्यावर घेतली.

अंगणात आली तेव्हा सडा वाळलेला होता. तिनं पाटी उतरवली आणि जमिनीवर दोन बोटांनी टकटक केलं. अळवाखालून काही हललं नाही. पुन्हा टकटक केलं. मग ती वाकली आणि तिला बाजेखाली कासव दिसलं.

ते आत ओढून घेतलेलं नव्हतं. चारही पाय बाहेर होते आणि मान बाहेर होती, तिनं कधी बघितली नव्हती इतकी लांब. मान पिळलेली होती. कातडीवर दोन बोटांचे काळे वळ उठले होते. तोंडात भाकरीचा घास तसाच होता, न गिळलेला.

तिनं मान वर केली. महिपतीचा डावा हात छातीवर होता आणि त्यावर कासवाच्या नखांचे ओरखडे होते. चेहऱ्याची उजवी बाजू मेलेलीच होती. डावी बाजू हसत होती. तो याच घडीची वाट बघत होता हे तिला कळलं. आजपासून नव्हे, सारजा आली होती तेव्हापासून.

 प्रयागबाईनं कासव उचललं. खुरपं घेतलं आणि गवारीच्या वाफ्याच्या कडेला हातभर खड्डा केला. माती ओढून पायानं दाबली नाही, हातानं दाबली. डोणीतलं पाणी बादलीनं काढून वाफ्यात सोडलं आणि डोणी पालथी घातली. डोणी जड होती, तिला तीनदा जोर लावावा लागला. या सगळ्या वेळात तिनं बाजेकडे एकदाही बघितलं नाही.

महिपतीचं हसू हळूहळू गेलं. ती खुरपं हातात घेऊन परत आली तेव्हा त्यानं डावा हात तोंडापुढं धरला.

तिनं खुरपं वळचणीला खोवलं. हात धुतले, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग केळी घेऊन बाजेवर त्याच्या शेजारी बसली. एक केळं सोललं, बोटानं तुकडा मोडला आणि त्याच्या ओठांपाशी धरला.

त्यानं ओठ आवळले. डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरत होते, शिवी शोधत, थप्पड शोधत. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं तुकडा तसाच धरून ठेवला. कुंपणापलीकडून रंगूबाईनं हाक मारली, "काय प्रयागे, खाल्ली का केळी तुझ्या माणसानं?"

"खात्यात," प्रयागबाईनं मान न वळवता उत्तर दिलं.

शेवटी भुकेनं त्याचं तोंड उघडलं. तिनं तुकडा आत सरकवला, ओठाला चिकटलेला तंतू काढला आणि त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"खावा. पोटभर खावा," ती हलक्या, मऊ आवाजात म्हणाली. "आजपासनं दूध, तूप, समदं देईन. एक वेळचंबी चुकवणार न्हाय. तुमी लई दिस जगाया पायजे. हितंच, ह्या बाजंवर. माझ्या हातनं खात."

महिपतीचं चावणं थांबलं. उघड्या तोंडात केळ्याचा तुकडा दिसत राहिला.

प्रयागबाईनं पुढचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून ती बसून राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.